तारीख नसलेले दिवस आणि किल्ल्यातली बाग

मागच्या आठवड्यात रात्री साडेदहाला एका मुलाचा फोन आला. आमच्या गावात बसस्टँडमागे अभ्यासिका आहे, तिथं बसतो. वय 27. तयारीचं चौथं वर्ष. परीक्षा पुन्हा पुढे गेली होती.

"दादा, तुम्ही पेपरवाले. नवीन तारीख कळली का काही?"

मी म्हटलं, नाही रे बाबा. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "नापास झालो तरी चालेल असं वाटायला लागलंय आता. पण तारीख सांगा म्हणावं."

ते वाक्य काही डोक्यातून जाईना. रविवारी कामानिमित्त नगरला गेलो होतो. (नाव आता अहिल्यानगर झालंय, पण एसटीत तिकीट मागताना आमच्या तोंडात अजून नगरच येतं.) काम लवकर आटपलं, म्हणून भुईकोट किल्ल्याकडे वळलो. किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे. गेटवर ओळखपत्र दाखवून आत गेलो. 1942 साली काँग्रेसच्या नेत्यांना ज्या खोल्यांत ठेवलं होतं, त्या खोल्यांसमोर उभा राहिलो आणि त्या मुलाचंच वाक्य पुन्हा आठवलं. कारण या खोल्यांत राहिलेल्या माणसांनाही तारीख नव्हती.

आज थोडं त्याबद्दल लिहितो. पोस्ट लांब आहे, सवडीने वाचा.

8 ऑगस्ट 1942 ला मुंबईत गवालिया टँकवर 'छोडो भारत'चा ठराव झाला. 9 तारखेला उजाडायच्या आत पकडापकडी सुरू झाली. गांधीजींना पुण्याला आगाखान पॅलेसमध्ये नेलं आणि काँग्रेस कार्यकारिणीतल्या मंडळींना आपल्या नगरच्या किल्ल्यात आणलं. मौलाना आझाद, नेहरू, वल्लभभाई, गोविंद वल्लभ पंत, आचार्य कृपलानी, आचार्य नरेंद्र देव, असफ अली, सय्यद महमूद, प्रफुल्लचंद्र घोष, पट्टाभी सीतारामय्या, हरेकृष्ण महताब आणि आपले शंकरराव देव. एकूण 12 जण.

आता मुख्य गोष्ट लक्षात घ्या. यांच्यावर खटला चालला नाही. शिक्षा सुनावली गेली नाही. ही स्थानबद्धता होती. ज्याला दोन वर्षांची शिक्षा झालेली असते, तो कैदी भिंतीवर रेघा मारून दिवस मोजतो, कारण त्याला शेवटची रेघ माहीत असते. यांना ती माहीत नव्हती. महायुद्ध चालू होतं, ते कधी संपेल आणि कोण जिंकेल हे कुणालाच ठाऊक नव्हतं. सुरुवातीला वर्तमानपत्रं बंद, पत्रव्यवहार बंद. बाहेर गोळीबार चाललाय की आंदोलन विझलंय, काही कळायला मार्ग नाही. नंदुरबारला 9 सप्टेंबरला शिरीषकुमार आणि त्याचे सवंगडी गोळ्यांना बळी पडले, त्या दिवशी हे 12 जण या भिंतींच्या आत होते.

असे किती दिवस काढले? बहुतेक जण मार्च 1945 च्या शेवटापर्यंत इथेच होते. दोन वर्षं आणि साडेसात महिने. दिवस मोजले तर 960 च्या वर जातात. पण हा हिशेब आपण आज करतोय. त्यांच्यासाठी रोजचा दिवस हा न संपणारा होता.

मग या माणसांनी केलं काय?

नेहरूंनी फावडं घेतलं. राजकारण जरा बाजूला ठेवून वाचा. कुणाला नेहरू पटतात, कुणाला पटत नाहीत, आपण आत्ता फक्त एका कैद्याकडे बघतोय. 'भारताचा शोध' हे त्यांचं पुस्तक याच किल्ल्यात लिहिलेलं. 1944 च्या एप्रिल ते सप्टेंबर अशा पाच महिन्यांत. पुस्तकाचं नाव सगळ्यांना माहीत असतं, पण त्याची सुरुवात नगरच्या मातीपासून होते हे फार कमी लोकांना माहीत आहे. ते सांगतात की दुसऱ्या तुरुंगांत करायचे तसं इथेही बागकाम सुरू केलं आणि रोज कित्येक तास, उन्हातसुद्धा, फुलांसाठी वाफे तयार करत राहिलो.

जागा कशी होती? आपल्याकडचीच. दगडगोटे आणि जुन्या बांधकामांचा राडारोडा. निजामशाहीपासून या जागेवर किती वेळा बांधलं आणि पाडलं, त्याला गणती नाही. 1596 मध्ये चांदबिबीने मुघलांपुढे हाच किल्ला लढवला. 1803 मध्ये वेलस्लीने तो घेतला. त्या सगळ्याचा चुरा त्या अंगणाच्या पोटात. नेहरू खणायला लागले तर जुन्या भिंतींचे, घुमटांचे तुकडे हाताला लागायचे. एकदा एका भिंतीवर दगडात कोरलेलं सुंदर कमळ सापडलं. फार खोल मात्र खणता येईना, कारण कैदी खोल खड्डा करतोय म्हटल्यावर अधिकाऱ्यांना ते कसं चालेल?

आमच्या भागातल्या शेतकऱ्याला यात नवल वाटणार नाही. मुरमाड रान हाताखाली आलं की पहिली दोन वर्षं दगडच वेचावे लागतात. पीक नंतर.

मला यात महत्त्वाचं वाटतं ते असं. सरकारने या माणसांना तारीख दिली नव्हती, पण बी तारीख देतं. मेथी टाकली की तीन-चार दिवसांत उगवते, महिन्याभरात जुडी होते. कोथिंबीर आठ-दहा दिवस घेते. झेंडूचं रोप दोन-अडीच महिन्यांत फुलावर येतं. तुम्ही सुटणार कधी हे व्हाइसरॉयलाही सांगता आलं नसतं, पण वाफ्यात टाकलेलं बी कधी वर येईल ते बोटावर मोजता येतं. ज्याच्या आयुष्यातून पुढचा मंगळवार काढून घेतलाय, त्याला बी एक मंगळवार परत देतं. एवढंच. पण ज्याच्याकडे काहीच नाही त्याला एवढं पुष्कळ असतं.

या बागकामाची अजून एक गोष्ट आहे, ती नगरची नाही, देहरादूनच्या तुरुंगातली आहे. नेहरूंनीच त्याच पुस्तकात सांगितली आहे. साधारण 1941 ची. तिथल्या छोट्या अंगणात खणताना जमिनीत दोन जुने खांब लागले. बघितलं तर ते जुन्या फाशीच्या चौकटीचे बुंधे! तीस-चाळीस वर्षांपूर्वी तिथं फाशी दिली जायची. वरचं सगळं कधीच काढून टाकलेलं, पण बुंधे जमिनीत तसेच राहिले होते. सगळ्या कैद्यांनी मिळून ते उपटून काढले आणि त्यांना फार आनंद झाला. फुलांसाठी जमीन खणायला घेतली आणि हाताला फाशीचा खांब लागला. आणि तो निघालाही.

आता त्याच किल्ल्यातल्या दुसऱ्या माणसाकडे येतो. मौलाना आझाद.

मौलाना पहाटे तीन-चारला उठायचे, स्वतःच्या हाताने चहा करायचे. चिनी जाईचा, बिनदुधाचा. आणि मग एका मित्राला पत्रं लिहायची. पाठवायची सोय नाही, तरी लिहायची. पुढे त्या पत्रांचं 'गुबार-ए-खातिर' हे पुस्तक झालं. किल्ल्यावरच्या अधिकाऱ्याला त्यांनी चांदबिबीच्या इतिहासातलं 'चीता खान' हे नाव ठेवलं होतं. खोलीतल्या छतात चिमण्यांनी घरटी केली होती. पहिल्यांदा मौलानांनी त्यांच्याशी लढाई केली, हाकलून बघितलं. जमेना. मग तह केला. दाणे टाकायला लागले. हळूहळू चिमण्या हातावर येऊन दाणे टिपू लागल्या. त्यांतल्या काहींना त्यांनी नावंही दिली.

हे सगळं वाचताना गोड वाटतं. पण पुढचं ऐका. एप्रिल 1943 मध्ये त्यांची पत्नी झुलेखा बेगम कलकत्त्याला आजारी होत्या. सरकारकडे सुटकेचा अर्ज करायला मौलानांनी नकार दिला. 9 एप्रिलला त्या गेल्या. शेवटची भेट झाली नाही. दोन दिवसांनी लिहिलेल्या पत्रात मौलाना अंगणातल्या एका जुन्या कबरीबद्दल लिहितात, जी कुणाची आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं.

हे मुद्दाम सांगतोय. बाग लावली, चिमण्यांना दाणे टाकले, म्हणजे दुःख टळलं असं काही होत नाही. हल्ली फोनवर जे व्हिडिओ येतात ना, 'रोज एक रोप लावा आणि सकारात्मक राहा', त्यांवर माझा विश्वास नाही. किल्ल्यातल्या अंगणाने मौलानांची बायको परत दिली नाही. त्या अंगणाने फार तर एवढं केलं असेल की दुसऱ्या दिवशी सकाळी उठायला काहीतरी कारण राहिलं. चिमण्या दाण्यांसाठी येणार होत्याच.

बाकीचेही काही ना काही घेऊन बसले होते. नरेंद्र देव बौद्ध तत्त्वज्ञानाच्या कामात गढले. महताबांनी ओडिशाचा इतिहास लिहायला घेतला. पण लिहिणं-वाचणं हा शिकलेल्यांचा आधार. हाताच्या कामाचा आधार सगळ्यांना मिळू शकतो, म्हणून आता चरख्याकडे वळतो.

आपल्या येरवड्याचा चरखा तुम्ही फोटोत नक्की पाहिला असेल. पेटीत मावणारा, उघडला की दोन चाकं दिसतात, बंद केला की हातात धरून नेता येतो. 1930 च्या आसपास गांधीजी येरवडा तुरुंगात होते, तेव्हा या पेटी-चरख्यात सुधारणा झाल्या. म्हणून त्याचं नावच 'येरवडा चरखा' पडलं. जगभर ओळखली जाणारी एक वस्तू आपल्या पुण्याच्या तुरुंगाच्या नावाने ओळखली जाते, हे आपण विसरूनच गेलोय.

सूतकताईचं मोजमाप जुन्या खादीवाल्यांना अजून पाठ असतं. फाळक्यावर सुताचा एक फेर म्हणजे एक तार, चार फुटांचा. 160 तारांची एक लटी. चार लट्यांची एक गुंडी, म्हणजे 640 तार. आश्रमात रोज निदान 160 तार कातायचा नेम होता. आज स्वराज्य किती टक्के जवळ आलं हे कुणी सांगू शकत नव्हतं. पण आज किती तार झाले ते सांगता येत होतं. 160 म्हणजे 160. रात्री झोपताना एक काम पुरं झालेलं असायचं.

आणि हे सूत कुठंतरी जायचं. 26 मार्च 1942 ला इंदिरा गांधींचं लग्न झालं. त्या लग्नात त्यांनी नेसलेली साडी वडिलांनी तुरुंगात कातलेल्या सुताची होती. सुटका होईल का, मुलीचं लग्न डोळ्यांनी बघायला मिळेल का, याची खात्री नसताना कातलेलं सूत. लग्नानंतर साडेचार महिन्यांनी बाप नगरच्या किल्ल्यात आणि त्यानंतर महिन्याभरात मुलगीही तुरुंगात.

दुसरी साडी आगाखान पॅलेसमधली. 22 फेब्रुवारी 1944 ला कस्तुरबा तिथंच बंदिवासात गेल्या. त्यांना शेवटचं नेसवलं ते गांधीजींनी कातलेल्या सुताचं लुगडं. त्याच आवारात दीड वर्षापूर्वी, 15 ऑगस्ट 1942 ला, महादेवभाई देसाई गेले होते. अटकेनंतर सहाव्या दिवशी. दोघांच्या समाध्या आजही तिथं शेजारी शेजारी आहेत. पुण्याला गेलात तर जरूर बघा.

एक सूत लग्नाला लागलं, एक अंत्यविधीला. कातणाऱ्याला कातताना यातलं काहीच माहीत नव्हतं. तरी रोजचा तार चुकला नाही.

हे सगळं मी त्या मुलाला फोनवर सांगितलं. मला वाटलं, पोरगं जरा खूश होईल. तो काय म्हणाला सांगू?

"दादा, राग मानू नका. त्यांना जेवण आयतं होतं. मला मेसचे पैसे भरायचेत."

खरं आहे. त्याचं उत्तर टाळून ही पोस्ट पुरी करणं अप्रामाणिकपणाचं होईल.

किल्ल्यातले कैदी मोठे होते. सरकारलाही त्यांची भीड होती. साध्या कैद्यांचं तसं नव्हतं. 1930 नंतर तुरुंगात अ, ब, क असे वर्ग होते आणि खेड्यापाड्यांतून आलेले बहुतेक सत्याग्रही क वर्गात पडायचे. त्यांच्या हातालाही काम होतं. जात्यावर दळायचं, खडी फोडायची. त्याच्या आधी अंदमानात तर राजबंद्यांना कोलूला जुंपलं जायचं. दिवसाला 30 पौंड तेल काढायचं. सावरकरांनी ते भोगलं. ते हाताचंच काम होतं. पण त्याने आशा वाढली नाही. ते काम माणूस मोडण्यासाठी होतं.

म्हणजे नुसतं 'हाताला काम द्या, मन शांत होईल' हेही खोटंच. जे काम दुसऱ्याने लादलंय, ज्याचं माप दुसऱ्याच्या हातात आहे, त्याने माणूस मोडतो. जे काम आपण धरलंय, ज्याचं माप आपल्याला कळतं आणि ज्याचं फळ कुणाच्या तरी अंगावर, ताटात किंवा अंगणात जातं, त्याने माणूस टिकतो. नेहरूंच्या वाफ्यात आणि अंदमानच्या कोलूत फरक एवढाच आहे. घाम दोन्हीकडे होता.

दुसरा आक्षेपही घेता येतो. 1943 साली बंगालमध्ये माणसं रस्त्यावर मरत होती, 20 ते 30 लाख माणसं त्या दुष्काळात गेल्याचे अंदाज आहेत, आणि हे किल्ल्यात फुलं लावत होते? पण पुस्तक उघडून बघा. बागेबद्दल जिथं लिहिलंय, तिथून चार पानांच्या आत बंगालचा दुष्काळ येतो आणि तो प्रचंड संतापाने येतो. फुलं लावली म्हणून बाहेरचं दिसायचं थांबलं नव्हतं. मला तर वाटतं, रोज मातीत हात घालणाऱ्याला बाहेरची भूक जास्त कळत असेल. पुढे एप्रिल 1944 मध्ये त्यांनी फावडं ठेवलं आणि लेखणी घेतली. आधी जमीन खणत होते, मग इतिहास खणायला लागले. काम तेच राहिलं.

आशा ही गोष्ट आधी मनात येते आणि मग हात कामाला लागतात, असं आपण धरून चालतो. म्हणून आपण आशेची वाट बघत बसतो. तारीख येऊ दे, भाव येऊ दे, पाऊस येऊ दे, मग बघू. या किल्ल्याचा इतिहास वाचताना मला उलटं दिसलं. आधी हात लागले. आशा मागून आली, आणि तीसुद्धा थोडी थोडी.

मी स्वतः गेली काही वर्षं हे अनुभवतोय. आमचा धंदाही आता तारीख नसलेलाच झालाय. जिल्हा आवृत्त्यांची पानं कमी होतात, माणसं कमी होतात, पुढचा नंबर कुणाचा ते माहीत नसतं. रात्री बातमी पाठवून झाली की मी गच्चीवरच्या सहा कुंड्यांना पाणी घालतो. त्याने माझी नोकरी पक्की होत नाही. पण टोमॅटोला कळी आलीय, हे बघितलं की निदान त्या दिवसाची एक तरी बातमी चांगली असते, आणि ती मी कुणाला विचारून छापत नाही.

त्या मुलाचं पुढे काय झालं?

फोन ठेवायच्या आधी तो म्हणाला, "आमच्या आईचं पण असंच आहे. पाऊस नसला की ती गोधडी धरते." त्याची आई गावाकडे गोधड्या शिवते. जुनी लुगडी, धोतरं एकावर एक अंथरायची, कडेने धावदोरा घालत घालत मध्यापर्यंत यायचं. आसपासच्या वस्तीवरून बायका कपडे आणून देतात, चार पैसे मिळतात. लहानपणी हाही सुई ओवून द्यायचा. "एक फेरा पुरा झाल्याशिवाय ती जागेवरून उठत नाही दादा. आम्ही हाका मारल्या तरी उठत नाही." मी म्हटलं, अरे, मग मी तुला येरवड्याचं कशाला सांगत बसलो? तुझ्या घरातच आहे की. तो हसला. बऱ्याच दिवसांनी हसताना ऐकला.

परवा त्याने फोटो पाठवला. अभ्यासिकेच्या गच्चीवर रंगाचा रिकामा डबा, तळाला भोकं पाडलेली, आणि त्यात मेथी. दोन दोन पानांची. खाली लिहिलं होतं, 'चौथा दिवस.' परीक्षेची तारीख अजून आलेली नाही. ती मागायचीच, त्यासाठी लिहायचं, बोलायचं, गरज पडली तर रस्त्यावर उतरायचं. डब्यातली मेथी हा त्याला पर्याय नाही. पण तोवर त्याच्याकडे एक चौथा दिवस आहे आणि उद्या पाचवा असेल.

एक विनंती करून थांबतो. आपल्या जिल्ह्यात स्वातंत्र्यसैनिकांची कितीतरी घरं आहेत. कुणाच्या माळ्यावर जुना पेटी-चरखा असेल, टकळी असेल, आजोबांनी तुरुंगात कातलेल्या सुताचा पंचा किंवा टोपी असेल. भंगारात देऊ नका. मला कळवा. मी येतो, फोटो घेतो, घरातल्या म्हाताऱ्या माणसाशी बोलतो आणि लिहून ठेवतो. नेत्यांचं सूत इतिहासात गेलं. क वर्गातल्या कैद्यांचं सूत अजून आपल्या माळ्यांवरच आहे.